डिफ्लेक्शनची सूत्रं पाठ आहेत, पण बीम नेमका वाकतो कसा हे डोक्यात शिरत नाही

बॅकलॉगबहाद्दर (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरीत मशीन शॉपमध्ये नोकरी, संध्याकाळी डिग्री. एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) दुसऱ्यांदा राहिला आहे.

गंमत म्हणजे डिफ्लेक्शनची, म्हणजे बीम किती झुकतो त्याची, सूत्रं सगळी तोंडपाठ आहेत. कॅन्टिलिव्हर (एकच टोक भिंतीत पक्कं), टोकाला लोड: डब्ल्यू एल क्यूब बाय थ्री ई आय (डब्ल्यू लोड, एल लांबी, ई मटेरियलचा ताठपणा, आय छेदाच्या आकाराचा). सिंपली सपोर्टेड (दोन्ही टोकं आधारांवर नुसती टेकलेली), मध्ये लोड: तेच बाय फॉर्टीएट. यूडीएल (सगळीकडे सारखा पसरलेला लोड) असेल तर फाइव्ह बाय थ्री एटी फोर. रामरक्षेसारखी म्हणतो. पण तो ३ कुठून आला, ४८ कुठून आला आणि ३८४ च्या डोक्यावर ५ का बसलाय असं कुणी विचारलं की गप्प. डबल इंटिग्रेशन करतो, सी-वन सी-टू काढतो, उत्तर कधी येतं कधी मायनसमध्ये येतं. डोळ्यांसमोर मात्र काहीच उभं राहत नाही.

दुसरं, कामावरचं. बोरिंग बार (भोक आतून कापणारं टूल धरायचा दांडा) थरथरत होता, बोअरला लाटा येत होत्या. साहेबांनी सांगितलं, बार एमएसचा (माइल्ड स्टीलचा) आहे, मऊ आहे, ईएन-२४ चा (जास्त मजबूत पोलादाचा) हार्ड करून घ्या. घेतला. पैसे गेले, लाटा तशाच. असं का?

---

टिवल्याबावल्या (सोमवार, रात्री १०:५२)

वाकणं शिकायचं असेल तर अप्रेझलच्या आठवड्यात कुठल्याही ऑफिसात चक्कर मार. सगळे सिंपली सपोर्टेड.

(बसतो. धागा वाचनीय होणार असं दिसतंय.)

---

निवृत्त_मास्तर (सोमवार, रात्री ११:३०)

तीस वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे तुझ्यासारखी पाठ म्हणणारी पोरं ओळखीची आहेत. चूक तुझी एकट्याची नाही. आम्हीच फळ्यावर पहिल्या तासाला सूत्र लिहितो.

आता एक कर. 'बीम खाली किती आला' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेव. त्याआधीचा प्रश्न आहे: बीम *वळला* किती? दोन्हींत फरक आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे.

एक मोठं खोडरबर घे. बाजूवर पेनाने सात-आठ उभ्या रेघा मार, सारख्या अंतरावर. दोन्ही टोकं धरून मध्ये खाली झुकेल असं वाकव. खालच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब जातात, वरच्या बाजूला जवळ येतात, पण रेघा सरळच राहतात. कुठेतरी मध्ये एक थर असा आहे जिथे अंतर बदललेलंच नाही. तो न्यूट्रल अ‍ॅक्सिस. पुस्तकी मराठीत त्याला उदासीन अक्ष म्हणतात, पण अख्ख्या बीममध्ये ताण नसलेला तो एकटाच. उदास कशाला असेल!

आता ते एम बाय आय, सिग्मा बाय वाय, ई बाय आर घे आणि मधला सिग्मा बाय वाय हाताने झाक. उरलं काय? एम भागिले ई-आय म्हणजे एक भागिले आर. मोमेंट हा वळवणारा, ई-आय हा अडवणारा, आणि एक बाय आर म्हणजे त्या जागी बीमला आलेला बाक. इतकंच वाक्य आहे ते. बीमच्या प्रत्येक बारीक तुकड्याला फक्त आपल्या जागेवरचा मोमेंट कळतो, आणि तो तेवढाच वळतो. शेजारी काय चाललंय याच्याशी त्याला घेणं नाही.

खाली किती आलं हा त्या सगळ्या वळणांचा हिशेब. तो उद्या. आधी खोडरबर.

---

सळई (मंगळवार, सकाळी ९:१५)

सिव्हिलवाला आहे, तरी तोंड घालतो, कारण बीम आमचा आणि तुमचा वेगळा नसतो.

मायनस येतं त्याबद्दल. मोमेंटची एकच खूण ठेव: बीम हसला की प्लस, रडला की मायनस. खाली पोट काढून वाकला तर हसरा, दोन्ही बाजूंनी मान टाकली तर रडका. मग ठरव, वाय वरच्या दिशेने मोजतोस की खालच्या. वर मोजलास तर ई-आय गुणिले वायचा दुसरा डेरिव्हेटिव्ह बरोबर एम. खाली मोजलास तर बरोबर *मायनस* एम. अर्धी पुस्तकं एक घेतात, अर्धी दुसरं. क्लासची एक वही आणि मित्राची दुसरी अशी भेळ केली की तुझ्यासारखं होतं.

आणि हा हसरा-रडका प्रकार मार्कांपुरता नाही. छज्जा हा कॅन्टिलिव्हर, म्हणजे रडका. ताण वरच्या बाजूला. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून सळ्या वर हव्यात. स्लॅब भरताना लोक त्याच सळ्यांवर पाय देऊन चालतात, सळ्या खाली दबतात, आणि वरून सगळं गुळगुळीत दिसतं. नवीन पोरगा साइटवर आला की मी त्याला आधी छज्जावरून चालणाऱ्यांना ओरडायला शिकवतो, बाकीचं नंतर.

---

चकवा (मंगळवार, दुपारी १:२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडक्यात. (लेथवर २२ वर्षं. आयडीचा अर्थ ज्याला कळला त्याला कळला.)

बोरिंग बारचं उत्तर मास्तरांच्या वाक्यातच आहे. अडवणारा कोण? ई आणि आय. एमएस घे, ईएन-२४ घे, हार्ड कर, टेंपर कर, पोलादाचा ई २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. हार्ड केल्याने बार *कायमचा वाकायला* जास्त जोर लागेल, पण तेवढ्याच जोराला *लवचिक वाकणं* तेवढंच. मजबुती आणि ताठपणा ही दोन वेगळी खाती आहेत आणि तुमच्या साहेबांनी एका खात्यातले पैसे दुसऱ्यात भरले.

मग करायचं काय? बार आखूड धर. व्यासाच्या पाचपट बाहेर असलेला बार चारपटीवर आणलास की झुकाव निम्म्यावर येतो, कारण चार पंचमांशचा घन ०.५१. फुकटात. ते जमत नसेल तर जाड बार. २५ चा ३० केलास तर आय चौथ्या घातात वाढतो, १.२ चा चौथा घात २.०७, परत निम्मं. तेही जमत नसेल तर कार्बाइडचा बार, त्याचा ई पोलादाच्या साधारण तिप्पट. म्हणून पोलादी बार चारपटीपर्यंत चालवतात आणि कार्बाइडचा सहापटीपर्यंत. ते आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत.

आणखी एक. चकमध्ये २० चा जॉब धरलाय, १५० बाहेर, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावला नाही. टूलचा आडवा जोर २०० न्यूटन धर. घाल सूत्रात: टोकाशी ०.१४ मिमी पळतो. म्हणजे टोकाला व्यास ०.२८ ने मोठा. नवीन पोरगा म्हणतो मशीनच टेपर काढतंय. मशीन नाही रे, तुझा कॅन्टिलिव्हर! टेलस्टॉक लाव, मध्यावर तोच आकडा कागदावर ४ मायक्रॉनवर येतो. (खऱ्यात सेंटर आणि स्पिंडलही थोडे देतात, तेवढं येत नाही.) आणि तेव्हा जॉब टेपर न होता पिंपासारखा होतो, मध्ये फुगीर. जॉबचा आकार बघून बीम कसा धरला होता ते सांगता येतं.

---

बॅकलॉगबहाद्दर (मंगळवार, रात्री ९:०५)

चकवा दादा, दंडवत. टेपरचं मी रोज बघतो आणि रोज टूल ऑफसेट देऊन गप्प बसतो. हे *तेच* सूत्र आहे हे आज कळलं.

मास्तर, खोडरबर केलं. रेघा खरंच सरळ राहतात! मला वाटलं होतं त्याही वाकतील. आता पुढचं सांगा.

---

निवृत्त_मास्तर (मंगळवार, रात्री ११:१०)

शाबास. आता हिशेब.

हात समोर लांब कर. मनगट एक अंश खाली वळव, बोटाचं टोक जेमतेम हलतं. आता मनगट-कोपर ताठ ठेवून खांद्यातून एक अंश वळव. टोक कितीतरी खाली जातं. वळण तेवढंच, पण टोकापासून लांब झालं. बीमचंही तसंच. प्रत्येक तुकड्याचं वळण गुणिले त्या तुकड्यापासून टोकापर्यंतचं अंतर, या सगळ्यांची बेरीज म्हणजे टोकाचा झुकाव.

कॅन्टिलिव्हरला टोकाशी डब्ल्यू. मोमेंट टोकाला शून्य, भिंतीपाशी डब्ल्यू-एल. त्रिकोण. त्याला ई-आयने भागलं की वळणांचा त्रिकोण. एकूण वळण म्हणजे त्याचं क्षेत्रफळ: डब्ल्यू एल वर्ग भागिले दोन ई-आय. हे सगळं वळण एकाच जागी गोळा झालंय असं धरलं तर ती जागा त्रिकोणाचा सेंट्रॉइड (क्षेत्रफळाचा मध्य), टोकापासून दोन तृतीयांश एलवर. गुणाकार कर.

अर्धा गुणिले दोन तृतीयांश, एक तृतीयांश. तुझा ३ हा असा आला.

आणि एल *तीनदा* का येतो तेही बघून घे. लांबी वाढली की मोमेंट वाढतो, हा एक. वळायला तुकडे जास्त मिळतात, हा दोन. आणि प्रत्येक तुकड्याचा हात लांब होतो, हा तीन. लांबी दुप्पट, झुकाव आठपट.

४८ साठी नवीन काही करू नकोस. सिंपली सपोर्टेड, मध्ये लोड. मधोमध बीम आडवाच राहतो, स्लोप शून्य. मग मध्यावर भिंत आहे असं समज आणि अर्धाच बीम बघ: लांबी एल बाय टू, टोकाला रिअ‍ॅक्शन डब्ल्यू बाय टू (आधाराचा उलटा जोर), वरच्या दिशेने. हा उलटा कॅन्टिलिव्हर झाला! घाल तेच सूत्र: अर्धा गुणिले एक अष्टमांश गुणिले एक तृतीयांश. किती?

५ बाय ३८४ आता तू काढ. कॅन्टिलिव्हरवर यूडीएल असेल तर डब्ल्यू एल रेज टू फोर बाय एट ई-आय, एवढंच हातात देतो. (यातला छोटा डब्ल्यू दर मीटरचा, बरं का.)

---

टिवल्याबावल्या (मंगळवार, रात्री ११:४१)

आयला, अठ्ठेचाळीस! मी बँकेत आहे, माझा यात काही संबंध नाही, पण झोप उडाली.

एक शंका. प्लॅस्टिकची पट्टी मी पार कमान होईपर्यंत वाकवतो. तिथेही हे चालतं?

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ६:२०)

नाही. ही सगळी बेरीज स्लोप लहान आहेत असं धरून आहे. बाक आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह तेव्हाच एक. कमान झाली की मोमेंटचा हातही आखूड होतो. तुळई, शाफ्ट, बोरिंग बार यांना तेवढं वाकायची परवानगीच नसते, म्हणून आमचं भागतं.

---

बॅकलॉगबहाद्दर (बुधवार, रात्री १०:३०)

आलं!!

अर्धा बीम, मध्यावर भिंत. टोकाला रिअ‍ॅक्शन डब्ल्यू-एल बाय टू वर ढकलते: ती एकटी असती तर १ बाय ४८. यूडीएल खाली ढकलतो, लांबी अर्धी, चौथा घात १ बाय १६, गुणिले १ बाय ८: म्हणजे १ बाय १२८. वजाबाकी. ४८ आणि १२८ चा लसावि ३८४. आठ वजा तीन, पाच!

म्हणजे तो ५ एवढ्यासाठी तिथे बसला होता. चार वर्षं.

पण दुसरीकडे गाडी अडली. ३० सेंमीची स्टीलची पट्टी घेतली, २५ मिमी रुंद, १ मिमी जाड. टेबलाच्या कडेवर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दाबली, २५० मिमी बाहेर. टोकाला पिशवीत १० रुपयांची १३ नाणी, म्हणजे १०० ग्रॅम, धरा १ न्यूटन. आय आला २.०८, झुकाव यायला हवा साडेबारा मिमी. मोजला तर १९! कुठे चुकलो?

---

चकवा (गुरुवार, दुपारी १:१०)

तीन प्रश्न. शून्य कुठून धरलंस? जाडी मायक्रोमीटरने मोजलीस की पाकिटावर वाचलीस? आणि पुस्तकांचा गठ्ठा म्हणजे भिंत असं तुला कोणी सांगितलं?

---

बॅकलॉगबहाद्दर (गुरुवार, रात्री ९:५०)

१) शून्य टेबलाच्या पातळीपासून धरलं होतं. पण पट्टी स्वतःच्या वजनानेच झुकलेली असते! बाहेरच्या भागाचं वजन सुमारे अर्धा न्यूटन, ते यूडीएल. हिशेबाने २.३ मिमी आधीच खाली. नाणी लावण्याआधीची जागा शून्य धरायला हवी होती.

२) कामावरून मायक्रोमीटर मागून आणला. जाडी ०.९५. मला वाटलं, पाच टक्क्यांनी काय होतंय. पण जाडी घनात आहे! ०.९५ चा घन ०.८५७. झुकाव साडेबाराचा १४.६ झाला.

३) पुस्तकं काढून सी-क्लॅम्प लावला, मध्ये सपाट पट्टी ठेवून.

आता मोजलं तर १५ ला जरा कमी. हिशेब १४.६. मी ऑफिसात मिठाई वाटायची बाकी ठेवली आहे.

मग पट्टी कडेवर उभी धरून तीच नाणी लावली. काही हललंच नाही. बरोबर, रुंदी-जाडी उलटली की आय ६९० पट. पट्टी तीच, पोलाद तेच.

---

सळई (गुरुवार, रात्री १०:१५)

म्हणून जुन्या वाड्यातली तुळई उभी बसवतात, आडवी नाही. सुताराने आय काढला नव्हता, पण ठाऊक होतं.

तुझ्या मुद्दा तीनवर एक सांगतो. पुस्तकातलं 'फिक्स्ड' (जराही न वळणारं) टोक खऱ्या जगात जवळजवळ नसतं. फिक्स्ड धरून केलेला हिशेब आणि मोजमाप जुळत नसेल तर मी आधी टोकांवर संशय घेतो, मग ई-आयवर. दोन्ही टोकं फिक्स्ड असतील तर मध्यल्या लोडला ४८ च्या जागी १९२ येतं, चौपट ताठ. त्या चारपटीच्या मधे कुठेतरी आपलं सगळं बांधकाम राहतं.

---

निवृत्त_मास्तर (शुक्रवार, सकाळी ६:४५)

नापास झाल्याचं फार मनावर घेऊ नकोस म्हणून सांगतो. भिंतीतून निघालेल्या तुळईचा प्रश्न गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात घेतला, चित्रासकट. त्याने धरलं की तुळई खालच्या कडेभोवती फिरते आणि सगळा छेद सारखाच ताणला जातो. न्यूट्रल अ‍ॅक्सिस त्याला दिसला नाही. त्यामुळे त्याच्या हिशेबाने तुळई खरीपेक्षा तिप्पट मजबूत निघते: रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले *दोन*, खरं हवं भागिले *सहा*. उंचीचा वर्ग मात्र त्याने बरोबर पकडला. नेव्हियर या फ्रेंच इंजिनिअरने १८२६ मध्ये सगळं नीट मांडेपर्यंत जवळपास दोनशे वर्षं गेली. तुला खोडरबर होतं.

---

निवांत_काकू (शुक्रवार, दुपारी ३:३०)

मी इतके दिवस नुसती वाचतेय. माझा बीम म्हणजे बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडी. सहा फुटी पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना दोऱ्या, कप्पीवरून खालीवर होतो. कपडे घातले की मध्ये इतका झुकतो की मधल्या शर्टांची बाही कठड्याला लागते. जाड पाइप आणू का?

---

निवृत्त_मास्तर (शुक्रवार, सायंकाळी ५:००)

काकू, पैसे खर्च करू नका. दोऱ्या आत सरकवा. टोकापासून पाइपच्या लांबीच्या साधारण २२ टक्के आत, म्हणजे सहा फुटी पाइपला दोन्हीकडून सोळा इंच. कपडे सगळीकडे सारखे पसरले असतील तर बाहेर आलेली टोकं मधल्या भागाला उलटं वळवतात, रडका मोमेंट हसऱ्याला खातो. कागदावर झुकाव जवळजवळ ४८ पट कमी येतो. (हे ४८ वेगळे, बहाद्दर, गोंधळू नकोस.)

ही जागा थोर आहे. मीटरची व्याख्या जेव्हा प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावर होती, तेव्हा १९२७ च्या शब्दांकनात तो दांडा एकमेकांपासून ५७१ मिमीवरच्या दोन आधारांवर ठेवायचा असं लिहिलं होतं. दांडा १०२० मिमीचा. काढा टक्केवारी, दोन्हीकडून २२ च येईल. जाता जाता, पाइप आधीच बाकदार झाला असेल तर उलटा फिरवा. पीव्हीसी सतत वजनाखाली हळूहळू आकार सोडतो.

---

निवांत_काकू (शनिवार, सकाळी ११:४०)

यजमानांना स्टुलावर चढवून दोऱ्या आत घेतल्या. दांडी एकदम सरळ! शेजारीण येऊन बघून गेली.

पण आत्ता एका टोकाला ओली चादर टाकली तर दुसरं टोक टणकन वर आणि चादर कठड्यावरून खालच्यांच्या तुळशीत. हे मास्तरांनी नव्हतं सांगितलं.

---

चकवा (शनिवार, दुपारी १:०५)

दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून टोक उचललं. काकू, चादर मध्ये, रुमाल-मोजे टोकांना.

---

बॅकलॉगबहाद्दर (शनिवार, रात्री ८:१५)

सी-क्लॅम्प हवाय का काकू? माझ्याकडे आता एक जास्तीचा आहे.

आणि मास्तर, पुढच्या आठवड्यात तीन बेअरिंगांवरचा शाफ्ट घेऊन येतो. रिअ‍ॅक्शनच निघत नाहीत.